स्वयंभू संख्यांतील मूळ संख्या

२३ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २३ + २ + ३ = २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक झाली. आता २० ची जनक शोधा पाहू. सापडणार नाही! आपल्या नगरशेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘स्वयंभू’ म्हटले.

२० नंतर अकरा-अकरा मिळवत चला: ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. साऱ्या स्वयंभू, पैकी ३१, ५३, ९७ मूळ संख्या. पुढे मात्र नगरी दुष्काळ! यानंतरची मूळ स्वयंभू संख्या थेट २११. असे का? १०८ नंतरची स्वयंभू संख्या दोननेच पुढे, ११०. तिला ११ ने भाग जातो. तेथून २०९ पर्यंत पुन्हा अकराच मिळवायचे. मग प्रत्येकीला ११ ने भाग जाणारच. २०९ नंतर परत दोनची उडी, आणि दुष्काळ संपला.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे क्षुल्लक वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कुठे कापरेकरांचे नाव जगभर झाले.

२११ पासून ३१० पर्यंत अकराचीच पावले आहेत. वाटेत आणखी दोन मूळ संख्या लागतात. वही काढा!