एक सुताचा हिशेब

आबांची काळी, चोवीस इंची सायकल बारा वर्षं जिन्याखाली उभी होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती बाहेर काढली. टायर-ट्यूब बदलल्या, आणि पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघाले. चढावर जोर लावला की चेन खट्‌कन उडी मारायची. चेन जुनी झाली म्हणून नवी आणून बसवली, तर उड्या दुप्पट!

शेवटी सायकल गल्लीच्या टोकाच्या दुकानात नेली. मिस्त्री माझाच विद्यार्थी, गणितात कायम काठावर पास होणारा. त्यानं माझी काढून टाकलेली चेन मागवली, ताणून धरली आणि तिच्यावर बारा इंची स्टीलची पट्टी ठेवली. "बाई, दोन सूत वाढलीय."

चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो. म्हणजे पहिली पिन शून्यावर धरली, तर पुढची चोविसावी बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती पट्टीच्या बाहेर पाव इंच गेली होती. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. पिना आतून घासतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि ती साठत जाते. अशी लांबलेली चेन फ्रीव्हीलचे दातेही आपल्या मापाने खाते. माझ्या फ्रीव्हीलचे अठराही दाते कोयत्यासारखे वाकले होते. नवी चेन अर्ध्या इंचाची, दात्यांमधल्या खाचा मात्र रुंदावलेल्या. जोर पडला की ती वर चढणारच.

"एक सूत वाढली तेव्हाच बदलली असती, तर फ्रीव्हील वाचलं असतं," तो म्हणाला. पुढचं चेनव्हील मात्र शाबूत होतं. त्याला ४४ दाते. त्याच्या एका फेऱ्यात मागचं जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणून आधी मागचं झिजतं.

फ्रीव्हील काढणं बघण्यासारखं असतं. प्रत्येक पायडलने ते आणखी आवळलं जातं, त्यामुळे पान्याला दाद देत नाही. त्यानं रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं. सकाळी फ्रीव्हीलची चावी शिकंज्यात पकडली, चाक तिच्यावर आडवं बसवलं आणि बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी उलटं फिरवलं. कुरकुरत सुटलं.

मागच्या चाकातल्या छर्‍यांपैकी दोनच फुटले होते. "मग दोनच टाक," मी म्हटलं. तो हसला. नवा छर्रा झिजलेल्यांपेक्षा केसभर मोठा, सगळा भार त्याच्याच डोक्यावर येणार. म्हणून सगळे बदलायचे, आणि छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही. क्रँकची एक कॉटर पिन टक्‌टक् वाजत होती, ती ठोकताना त्यानं क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला. नाहीतर हातोड्याचा घाव थेट आतल्या छर्‍यांवर बसतो. "दोन-तीन फेऱ्या झाल्या की नट पुन्हा आवळा," असंही बजावलं.

आता पट्टी माझ्या हत्यारांच्या पिशवीत असते. दर महिन्याला चेनला लावते. एक अष्टमांश म्हणजे किती, हे मी त्याला वर्षभर फळ्यावर शिकवत होते. तो त्याला सूत म्हणतो, आणि त्याचं उत्तर बरोबर येतं.