गाठीची श्रेणी आणि एम. आर. आय. तपासणी

निपाणी परिसरातील तंबाखूच्या शेतांत व वखारींत राबणाऱ्या एखाद्याच्या मांडीवर किंवा दंडावर गाठ आली, की ती मार लागल्याची अथवा चरबीची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरे. परंतु स्नायू, चरबी, मज्जातंतू यांसारख्या मऊ ऊतींत क्वचित सार्कोमा हा कर्करोग उद्भवतो. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का असल्याने तो ओळखण्यास अनेकदा विलंब होतो. ५ सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी किंवा स्नायूंत खोलवर असलेली गाठ दुखत नसली, तरी तज्ज्ञांस दाखविणे अगत्याचे आहे.

सार्कोमाच्या ३ श्रेणी मानल्या जातात. पेशींचे मूळ ऊतींशी साम्य, त्यांच्या विभाजनाचा वेग आणि मृत भागाचे प्रमाण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून श्रेणी ठरते. श्रेणी जितकी वरची, तितका रोग फुप्फुसांत पसरण्याचा धोका अधिक, आणि उपचारांची दिशाही त्यावरच अवलंबून असते. मात्र मोठी गाठ सर्वत्र सारखी नसते. सुईने काढलेला तुकडा सौम्य भागातील निघाल्यास श्रेणी प्रत्यक्षाहून कमी ठरू शकते.

येथे एम. आर. आय. साहाय्यभूत होते. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगाने हे यंत्र संपूर्ण गाठीचे चित्र घेते. त्यात क्ष-किरण नसतात. गाठीतील मृत भाग, चित्रातील विषमता, अस्पष्ट कडा आणि सभोवतालची सूज ही वरच्या श्रेणीची सूचक चिन्हे होत. त्यांवरून सुई कोठे घालावी, हे ठरविता येते. तथापि काही घातक गाठी चित्रात सौम्य भासतात. म्हणून अंतिम निर्णय तुकड्याच्या तपासणीनेच होतो.

प्रथम एम. आर. आय., मग तुकड्याची तपासणी आणि त्यानंतर शस्त्रक्रिया, हा क्रम पाळावा. घाईने गाठ कापल्यास रोगपेशी आजूबाजूस राहतात व पुढील शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते.

बेळगावात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात एम. आर. आय. ची सोय आहे. तपासणीपूर्वी दागिने उतरवावेत. शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास, तसेच मूत्रपिंडाचा विकार असल्यास, आधी सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असला, तरी तपासणी वेदनारहित असते.

वाढणारी गाठ चोळू नये, शेकू नये. शिक्षक व ग्रामसेवक यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.