कपाशीच्या बियाण्याचें पाकीट

खानदेशांत वैशाख सरूं लागला कीं घरोघर एकच बोलणें ऐकूं येतें : यंदा कपाशीचें कोणतें वाण लावावें, आणि तें दुकानांत केव्हां मिळेल? आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी जळगांव व धुळें जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतले असल्यामुळें तें पाकीट त्यांनीं पाहिलेलें असतें; कित्येकांनीं सुटींत सरीवर बीं टोकलेंहि असेल. परंतु त्या पाकिटाची किंमत कोण ठरवितो, तींतला कोणता भाग कोणाकडे जातो, आणि बियाण्यानें दगा दिल्यास नुकसान कोणीं सोसावयाचें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

बाहेरून आलेलें बियाणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू होऊन इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. त्या दशकांत इंग्रज अधिकाऱ्यांनीं हिंगणघाटचें बियाणें खानदेशांत आणविलें. तथापि तें एकदां घेतलें कीं शेतकऱ्याचें होई. त्याचीच सरकी तो पुढील वर्षीं पेरी. ही स्थिति १९७० नंतर पालटली. त्या वर्षीं सुरतेच्या संशोधन केंद्रांतून डॉ. सी. टी. पटेल यांनीं ‘एच-४’ हें संकरित वाण बाहेर आणलें. व्यापारी लागवडीसाठीं निघालेलें कपाशीचें तें जगांतील पहिलें संकरित वाण होय. संकराचा जोम पहिल्या पिढीपुरताच असतो. सरकी राखून पेरली तर पुढच्या वर्षीं उंच, ठेंगणीं, लवकर फुलणारीं, उशिरां फुलणारीं अशीं नाना प्रकारचीं झाडें एकाच शेतांत उगवतात. बियाणें राखण्यास कायद्याची बंदी नाहीं. उलट २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें तो हक्क शेतकऱ्यास स्पष्ट शब्दांत दिला आहे. परंतु राखून उपयोग नसल्यामुळें दरवर्षीं दुकानाची पायरी चढणें भाग पडतें.

आतां ‘बीटी’ म्हणजे काय तें पाहूं. मातींत आढळणारा एक सूक्ष्म जंतु १९०१ मध्यें जपानांत रेशमाचे किडे मारणारा म्हणून प्रथम ओळखला गेला. पुढें जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून त्यास ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ असें नांव पडलें. त्या दोन शब्दांचीं आद्याक्षरें म्हणजे ‘बीटी’. या जंतूंत एक प्रथिन असतें. अळीच्या आंतड्यांतील रस खारट सोड्याच्या जातीचा असल्यामुळें तें तेथें विरघळतें, आंतड्यांस छिद्रें पाडतें आणि अळी खाणें सोडून मरते. अमेरिकेंतील मोन्सँटो कंपनीनें हें प्रथिन घडविणारा जनुक कपाशीच्या झाडांतच बसविला, आणि जालन्याचे श्री. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ मध्यें स्थापिलेल्या महिको कंपनीनें तो आपल्या संकरित वाणांत आणला. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांस त्यापासून कांहीं होत नाहीं. बीटी लावली म्हणजे फवारणी संपली, असें समजणारे अजून भेटतात म्हणून हें सांगितलें.

अशा पिकास परवानगी देण्याची रीत १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत घालून दिली आहे. प्रयोगशाळा, लहान वाफे, मोठीं शेतें या पायऱ्या चढून प्रकरण दिल्लीच्या समितीपुढें जातें. समितीचा विचार चालूच असतांना २००१ च्या आक्टोबरांत असें उघडकीस आलें कीं, गुजराथेंत विनापरवाना बीटी कपाशी हजारों एकरांवर उभी आहे! पीक जाळण्याचा हुकूम सुटला. परंतु बोंडें टपोरीं, अळीचा मागमूस नाहीं, अशा शेतास काडी कोण लावणार? २६ मार्च २००२ रोजीं समितीनें महिकोच्या तीन वाणांस रीतसर परवानगी दिली, आणि दहा-बारा वर्षांत देशांतील दहांपैकीं नऊ एकर कपाशी बीटी झाली. वांग्याचें तसेंच वाण मात्र ९ फेब्रुवारी २०१० रोजीं तत्कालीन पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनीं स्थगित ठेविलें. भरीताच्या वांग्याचा अभिमान बाळगणाऱ्या जळगांवकरांस त्याचें फारसें दुःख झालें नसावें.

किंमतीची हकीकत अधिक मनोरंजक आहे. प्रारंभीं ४५० ग्रॅमचें पाकीट १,६०० रुपयांच्या पुढें विकलें जाई, व त्यांत सुमारें १,२५० रुपये केवळ तंत्राचा आकार म्हणून जात. बीं पिकविणारा, पाकीट भरणारा व दुकानदार यांच्या वांट्यास उरलेली रक्कम. २००६ च्या जानेवारींत आंध्र प्रदेश सरकारनें मक्तेदारी आयोगाकडे फिर्याद नेली. मे महिन्यांत आयोगानें आकार उतरविण्याचा आदेश दिला, आणि पाकीट ७५० रुपयांच्या आसपास आलें. महाराष्ट्रानें २००९ मध्यें कपाशीच्या बियाण्यापुरता स्वतंत्र कायदा करून दर ठरविण्याचा अधिकार हातीं घेतला. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें सबंध देशासाठीं आदेश काढला. त्यानुसार २०१६ मध्यें दोन जनुकांच्या पाकिटास ८०० रुपये व त्यांत तंत्राचा आकार ४९ रुपये ठरला. २०१८ मध्यें तो ३९, २०१९ मध्यें २०, आणि २०२० पासून शून्य! २०२५ च्या हंगामांत कमाल किंमत ९०१ रुपये होती.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं एक लहानसा हिशेब करावा. समजा, एकरास दोन पाकिटें लागलीं, सहा क्विंटल कापूस आला, आणि वेचणीस किलोमागें दहा रुपये पडले. बियाण्याचे १,८०२ रुपये झाले; वेचणीचे ६,०००. चावडीवर वाद होतो तो मात्र पहिल्या आंकड्याचा. कंपन्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. आकार शून्यावर आणल्यास पुढील संशोधनावर कोण पैसा घालील, असें त्या म्हणतात. आणि २००६ मध्यें मान्य झालेल्या दोन जनुकांच्या वाणांनंतर अळीवर त्याहून प्रभावी असें नवें तंत्र अधिकृतपणें शेतकऱ्याच्या हातीं आलेलें नाहीं, हें खरें आहे. तरीहि पहिल्या वर्षांतला आकार न्याय्य होता, असें मला वाटत नाहीं.

किंमत सरकारच्या लेखणीनें उतरली. बियाण्याचें बळ मात्र लेखणीनें टिकवितां येत नाहीं. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते कीं, जिला हें विष बाधत नाहीं. चहूंकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात, वांचलेल्यांचे पतंग आपसांतच जोडी जमवितात, आणि त्यांची संततीहि विष पचविणारी निघते. जवळ साधी कपाशी असेल तर तिच्यावर वाढलेल्या असंख्य साध्या पतंगांशीं या थोडक्यांचा संकर होतो, व ती संतति बहुधा विषास बळी पडते. म्हणून नियम असा होता कीं, बीटीभोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तें लावावें. त्यासाठीं पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची निराळी पुडी मिळे.

त्या पुडीचें काय झालें तें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. ती बांधावर पडली, नाहीं तर कोनाड्यांत. यावरून शेतकऱ्यास अडाणी ठरविणें सोपें आहे; पण तो पक्का हिशेबी होता. साध्या पट्ट्यांत अळीनें केलेलें नुकसान सर्वस्वीं त्याचें एकट्याचें, आणि त्या पट्ट्यामुळें टिकणारें बळ साऱ्या तालुक्याचें. पाटचारींतला गाळ काढण्यास जो तो शेजाऱ्याची वाट पाहतो, त्यांतलाच हा प्रकार. परवाना देणारी समिति दिल्लीस, कंपनी दूर शहरांत, आणि पाहणी करणाऱ्या कृषि सहायकाकडे गांवें अनेक. पाकिटांतच साधें बीं मिसळून देण्याची पद्धत पुढें आली, पण तोंवर फार उशीर झाला होता.

हिरवी बोंडअळी तुरीवर व हरभऱ्यावरहि जगते, म्हणून तिच्या साध्या पतंगांचा सांठा आपोआप टिकला. गुलाबी, म्हणजे शेंदरी, बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिनें गुजराथेंत २००९ मध्यें पहिल्या जनुकास दाद दिली नाहीं, पुढें दुसऱ्यासहि दिली नाहीं, आणि २०१७ मध्यें महाराष्ट्रांतील शेतेंच्या शेतें किडलीं. वरून हिरवें दिसणारें बोंड फोडावें तों आंत सरकी पोखरलेली आणि रुई काळवंडलेली! अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत साध्या कपाशीचा नियम पाळला गेला, पुढें वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले गेले, आणि २०१८ मध्यें त्या देशानें आपल्या कपाशींतून ही अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. तोच जनुक, तीच अळी.

२०१७ च्या डिसेंबरांत राज्य सरकारनें हेक्टरीं कोरडवाहूस ३०,८०० व बागायतीस ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. यांत १६,००० रुपये बियाणें कंपन्यांकडून, ८,००० विम्यांतून व बाकीचे आपत्ति निधींतून यावयाचे होते. २००९ च्या कायद्याखालीं शेतकऱ्यांनीं तक्रारींचे अर्ज भरले. कंपन्यांनीं आपल्या वांट्यास विरोध केला. बियाणें उगवलें, झाड वाढलें, बोंडें धरलीं. मग दोष बियाण्याचा कीं अळीचा? कायदा लिहिणाऱ्यांनीं खराब बियाण्याची कल्पना केली होती. चांगल्या बियाण्याचें बळ सरेल, याची केली नव्हती.

आपल्या खानदेशाचा यांत विशेष संबंध आहे. तापीच्या खोऱ्यांत ज्यांच्याकडे विहीर व ठिबक आहे, ते बागायतदार मे महिन्यांतच कपाशी लावतात. त्यामुळें पावसाच्या आरंभीं निघणाऱ्या पतंगांस लवकरच पात्या व फुलें आयतीं मिळतात. दुसऱ्या टोकास फरदड ठेवली जाते, म्हणजे अळीचें बारमाही घर झालें. गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली ‘डोमकळी’ दिसली तर ती तोडून नष्ट करावी; हें काम लहान मुलांच्याहि हातचें आहे. हा क्रम तोडावा म्हणून अलीकडील कांहीं हंगामांत कृषि खात्यानें १ जूनपूर्वीं शेतकऱ्यांस बियाणें विकण्यास मनाई केली. परंतु पलीकडे मध्य प्रदेश व गुजराथ ही राज्यें लागूनच आहेत, आणि तेथून पाकीट आणण्यास मोटारसायकल पुरते.

याच वाटेनें ‘चोर बीटी’हि येतें. तणनाशक मारलें तरी न मरणारी ही कपाशी परवानगीवांचूनच पसरली आहे. निंदणीस मजूर मिळत नाहीं, हें तिचें मुख्य बळ. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेनें ती उघडपणें लावून कायदेभंगहि केला. तंत्र निवडण्याचें स्वातंत्र्य हवें, ही त्यांची मागणी विचारार्ह आहे. पण चोर बियाणें घेणाऱ्या पालकांनीं एवढें पाहावें : बियाण्याची तक्रार करावयाची तर पावती, रिकामें पाकीट व त्यावरील लॉट क्रमांक दाखवावा लागतो. चोर बियाण्याची पावती कोणी देत नाहीं, आणि पाकिटावर छापलेल्या नांवाची कंपनी बहुधा कोठेंच नसते.