जोगेश्वरीच्या अंगणांचा मागोवा

१९५० साली मुंबई शहराची हद्द वाढवून बृहन्मुंबई निर्माण करण्यात आली, तेव्हा आजच्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर ती जोगेश्वरीपाशी येऊन थांबली आणि १९५७ मध्ये दहिसरपर्यंत सरकेतो तेथेच राहिली. महानगराची उत्तर सीमा होण्याचा मान या गावाला जेमतेम सात वर्षे लाभला. परंतु शहराचा अंमल आणि खेड्याचा रिवाज एकाच कुंपणात नांदण्याचा जो प्रकार त्या काळी सुरू झाला, त्याच्या खुणा घरांच्या भिंतींपेक्षा घरांपुढील अंगणांत अधिक काळ टिकल्या. चाळींच्या जागी इमारती आल्या, इमारतींच्या जागी मनोरे आले. अंगण मात्र आकसत, रूप पालटत, कधी वाडीचे आवार म्हणून तर कधी सोसायटीचे कंपाउंड म्हणून उरले. त्या अंगणाच्या पृष्ठभागाचा, ज्यावर आपण रोज पाऊल ठेवतो त्या थराचा, हा सुमारे पाऊणशे वर्षांचा मागोवा आहे. तो घेण्याचे तात्कालिक कारण असे की, ओल्या काँक्रीटवर दगडाचे, विटांचे किंवा लाकडी फळ्यांचे छाप उमटवून केलेली शोभिवंत जमीन आता जोगेश्वरीतील सोसायट्यांच्या आवारांत आणि येथून परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या हिमप्रदेशातील घरांभोवती, अशी दोन्हीकडे दिसू लागली आहे, आणि दोन्हीकडे तिच्याविषयी एकाच प्रकारचा गैरसमज आढळतो: तिचे टिकणे वरच्या रंगावर आणि नक्षीवर अवलंबून असते, हा.

आरंभीचे अंगण मुरुमाचे आणि शेणाचे होते. पावसाळा सरला की उखडलेली जमीन खणून सारखी करावी, मुरूम पसरून पाणी शिंपावे, चोपण्याने वा धुमसाने ती चोपावी आणि मग शेणाने सारवून दिवाळीच्या आत तयार ठेवावी, हा कोकणातून आलेल्या कुटुंबांचा शिरस्ता मजासवाडी-बांद्रेकरवाडीच्या बाजूला पुष्कळ वर्षे चालू होता. या अंगणाचे आयुष्य आठ महिन्यांचे. परंतु त्याच्या दुरुस्तीसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. पोपडा निघाला तर दुसऱ्या दिवशीच्या सारवणात तो भरून निघे, आणि पावसाचे पाणी बव्हंशी जागच्या जागी जिरे. या सोयीची किंमत घरातील स्त्रियांच्या कंबरांनी मोजली, ही गोष्ट सारवलेल्या अंगणाचे गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत; आणि म्हणूनच ज्या घराला ऐपत आली त्या घराने प्रथम अंगणात फरशी घातली, याचे मला कधी नवल वाटले नाही. ही फरशी शहाबादची. त्या काळच्या निजामी मुलखातील गुलबर्ग्याच्या बाजूचा तो करडा चुनखडक. माजघरात १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्जसारख्या कारखान्याच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आणि दाराबाहेर शहाबादी, अशी विभागणी मध्यम स्थितीतल्या घरांत रूढ झाली होती.

सिमेंट अंगणापर्यंत पोहोचले ते याहून उशिरा आणि फार आढेवेढे घेत. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली देशी सिमेंट निघू लागले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकवटून ए. सी. सी. स्थापन झाली, तरी स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे हा माल सरकारी नियंत्रणाखाली होता. पाच-दहा गोण्यांसाठीदेखील कारण दाखवून परवाना मिळवावा लागे, आणि मंजूर झालेल्या सिमेंटवर पहिला हक्क भिंतीचा आणि छपराचा असे. या टंचाईला राजकीय इतिहासातही स्थान आहे: मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना मिळालेले सिमेंट यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी आपल्या निकालात दाखवला, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. जोगेश्वरीतील अंगणांची कहाणी या दोन सालांच्या आधीची आणि नंतरची अशी सरळ दुभंगते, इतका त्या परवान्याचा प्रभाव होता.

परवान्याच्या काळातील अंगण म्हणजे कोबा. घरबांधणीतून वाचवलेल्या गोण्यांतून केलेला, जाडीला बेताचा, परंतु करणाऱ्याच्या हाताची सर्व कसोटी पाहणारा. खडीचा थर घालून, ढाळ राखून, वर सिमेंटचा नीरू घोटला जाई आणि तो अर्धवट आवळत आला की दोन माणसे दोरीची दोन टोके धरून ती ताणून ओल्या पृष्ठभागावर दाबीत. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, आणि पाहता पाहता साऱ्या अंगणावर सुमारे फुटाफुटाच्या चौकड्या उमटत. पाय घसरू नये हा या रेघांचा हेतू होता आणि फरशी बसवल्याचा भास व्हावा हाही होता. आज ज्याला सुशोभित छापाचे काँक्रीट म्हणतात त्याचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही: मालाचे आवळणे सुरू झाले आहे परंतु संपलेले नाही, तो अल्प अवधी पकडून त्यावर खूण करावयाची. मुंबईच्या वैशाखात हा अवधी फार थोडा असतो. त्यामुळे जाणता गवंडी सकाळी लवकर माल कालवी, उन्हाच्या बाजूकडून कामाला हात घाली आणि बोट दाबून पाहिल्याशिवाय दोरीला हात लावीत नसे. दोरी लवकर पडली तर रेघेच्या कडा ढासळतात, उशिरा पडली तर ती उमटतच नाही. मी लहानपणी हे काम तासन्‌तास पाहत उभा राहिलो आहे, आणि त्यानंतर आठवडाभर ओले गोणपाट पसरून, मातीची आळी घालून त्यावर पाणी साठवले जाई तेही पाहिले आहे. तो आठवडा गवंड्याला मिळत असे म्हणून त्यातले काही कोबे तीस-तीस वर्षे टिकले.

मात्र एका बाबतीत या दोरीच्या रेघांनी लोकांची समजूत चुकीची करून ठेवली. चौकड्या आहेत म्हणजे तडा जाणार नाही, असे पुष्कळांना वाटे. वस्तुतः ती रेघ वरच्यावर असते, आणि आकसणाऱ्या काँक्रीटचा तडा ठरवलेल्या जागी यावा अशी इच्छा असेल तर खाच जाडीच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी खोल पाहिजे किंवा मधोमध पट्टी घालून तुकडे वेगळे ओतले पाहिजेत. चार इंच जाडीच्या थराला साधारण दहा फुटांवर सांधा लागतो. हा नियम नक्षीला जुमानत नाही; नक्षीनेच त्याला जागा करून द्यावी लागते.

नियंत्रण उठल्यावर सिमेंट मुबलक झाले आणि नव्वदीनंतर अंगणांत, पदपथांवर आणि पुढे चक्क रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय होती की, खालची नळवाहिनी दुरुस्त करावयाची झाल्यास ठोकळे काढून पुन्हा बसवता येतात. परंतु ठोकळ्यांचा सारा भार खालच्या दाबलेल्या थरावर आणि रेतीच्या गादीवर असतो, आणि जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो तेथे ती रेती वाहून जाऊ नये असा बंदोबस्त कडेच्या घट्ट बांधाशिवाय होत नाही. तो बांध बहुतेक ठिकाणी घातलाच गेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी ओशिवरा नदीच्या बाजूचे सखल भाग पाण्याखाली होते. आणि एरवीच्याही प्रत्येक पावसाळ्यानंतर खचलेले, डुगडुगणारे ठोकळे हा उपनगरातील पादचाऱ्याच्या जिवाला घोर होऊन बसला. पुढे महापालिकेनेच रस्त्यांवरील पेव्हर हटवण्याचे ठरवले आणि पदपथांसाठी अखंड काँक्रीट व त्यावर छापाची नक्षी, हा पर्याय शहरात दिसू लागला. सोसायट्यांनी त्याचे अनुकरण केले.

हे तंत्र ज्या रूपात आपल्याकडे आले ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीचे. १९५० च्या दशकात ब्रॅड बोमन नावाच्या कंत्राटदाराने काँक्रीटवर नक्षी दाबण्याची साधने विकसित केली आणि 'बोमनाइट' या नावाने त्यांचा व्यवसाय पसरला. सुरुवातीचे धातूचे अवजड साचे मागे पडून नंतर दगडाचा खडबडीतपणाही हुबेहूब उतरवणाऱ्या लवचिक चटया आल्या. ओतलेल्या काँक्रीटवर रंगीत कठिणक भुरभुरून घोटावयाचे, साचा चिकटू नये म्हणून वेगळ्या छटेची भुकटी उधळावयाची, चटया ओळीने मांडून ठोकावयाच्या, आणि काही दिवसांनी धुऊन वर पारदर्शक लेप द्यावयाचा, असा सर्वसाधारण क्रम आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बर्फ नाही. तेथे जन्मलेली ही रीत शीत प्रदेशात नेल्यावर तिची खरी परीक्षा झाली.

माझा एक भाचा, जोगेश्वरीच्या मेघवाडीत वाढलेला, कॅनडात टोरांटोजवळ मिसिसॉगाला स्थायिक आहे. घर घेतल्यावर परसदारी त्याने असेच छापाचे अंगण करवले. नक्षी त्याने मुद्दाम मोठ्या, ओबडधोबड फरश्यांची निवडली, कारण ती त्याला शहाबादीच्या जवळची वाटली. दुसऱ्या हिवाळ्यानंतर पायऱ्यांजवळचा रंगीत पापुद्रा सुटू लागला. त्याने पाठवलेली छायाचित्रे पाहून मला प्रथम रंगाचाच दोष वाटला; कारण मात्र निराळे होते, आणि ते समजून घेतल्यावर माझा या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांत शिरलेले पाणी असे फुगले की आतून ताण येतो, आणि टोरांटोच्या परिसरात हे गोठणे-वितळणे एका हिवाळ्यात पुनःपुन्हा घडते. यावरचा उपाय १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील रस्त्यांच्या निरीक्षणातून हाती लागला: सिमेंट दळताना ज्या मालात जनावरांची चरबी मिसळली गेली होती, त्याचे रस्ते अधिक टिकले, कारण चरबीमुळे काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म बुडबुडे राहिले आणि फुगणाऱ्या पाण्याला त्यांत वाव मिळाला. आता हे बुडबुडे रसायनाने मुद्दाम आणले जातात. बर्फ आणि मीठ दोन्ही सोसावयाच्या उघड्या जमिनीसाठी कॅनडाच्या मानकात पाच ते आठ टक्के हवा, सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक पाणी नाही, आणि ३२ मेगापास्कल शक्ती असा तपशील ठरलेला आहे. परंतु पृष्ठभागावर घाम सुटलेला असतानाच घाई करून तो घोटला, किंवा नक्षी सोपी जावी म्हणून वरून पाणी शिंपडले, तर वरच्या पातळ थरातील हवा निघून जाते आणि तोच थर कमजोर होतो. म्हणजे ज्या थरावर सारी शोभा आहे, तोच पहिल्याने सुटतो. भाच्याच्या अंगणाचे बहुधा हेच झाले होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाने उरलेले काम केले. शिवाय जमीन तेथे सुमारे चार फूट खोलवर गोठते; खाली पाणी निचरणारी खडी नसेल तर ओली माती फुगून सबंध थर उचलते, मग वरच्या छापाची सफाई कितीही असो. म्हणून तेथील चांगले कारागीर हिवाळ्याच्या पुष्कळ आधी काम आटोपतात, पहिल्या मोसमात मीठ वापरू देत नाहीत, लेपात बारीक कण मिसळतात आणि बर्फ ओढण्यासाठी लोखंडी फावडे नको असे बजावतात.

मुंबईत पारा गोठणबिंदूला कधी टेकलेला नाही, तेव्हा या साऱ्याचा जोगेश्वरीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की शत्रू वेगळा असला तरी तो त्याच वाटेने येतो. तेथे बर्फ, येथे सलग पाऊस. तेथे गोठलेली माती, येथे भरावाची माती. जोगेश्वरीचा पुष्कळसा भाग टेकडीच्या उतारावर आणि नाल्यांच्या भरावावर वसलेला आहे. भराव नीट न दाबता त्यावर ओतलेले काँक्रीट दोन पावसाळ्यांत मधोमध दुभंगते आणि त्या दुभंगलेल्या दगडी नक्षीसारखे केविलवाणे दुसरे काही दिसत नाही. ढाळ शेकड्याला निदान एक पाहिजे; नक्षीच्या खोलगट रेघांत पाणी थांबले की श्रावणात तेथे शेवाळ धरते, आणि चकचकीत लेपावर म्हातारी माणसे पडतात.

ही नक्षी मुळातच खोटी, असा आक्षेप काही सुसंस्कृत मंडळी घेतात, तो मला मान्य नाही. ज्यावरून गावाला नाव मिळाले ते सहाव्या शतकातील लेणे पाहावे: तेथे एकाच कातळातून खांब, द्वारशाखा आणि दालने कोरली आहेत आणि ती सर्व जुळवून बांधलेल्या मंदिराची रूपे आहेत, ज्यांत जुळवणी अशी कोठेच नाही. कातळाने बांधकामाचे रूप घ्यावे यात जर कला आहे, तर काँक्रीटने फरशीचे रूप घेण्यात अप्रामाणिकपणा कसा मानावा? आक्षेप घ्यावयाचा तर तो याहून व्यवहारी आहे. सारवणाची दुरुस्ती घरची बाई करी, कोब्याची नाक्यावरचा गवंडी करी, पेव्हर माळीसुद्धा बसवी. छापाच्या काँक्रीटला ठिगळ लावले तर त्याची छटा मूळच्या रंगाशी सहसा जुळत नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी लेप देण्याची तरतूद सोसायटीच्या अंदाजपत्रकात मी अद्याप क्वचितच पाहिली आहे.

म्हणून सर्वसाधारण सभेत रंगाच्या तक्त्यावर जी चर्चा रंगते, तिच्याआधी कंत्राटाच्या मसुद्यात काही कलमे यावीत असा माझा आग्रह आहे. मलनिःसारणाच्या आणि पाण्याच्या वाहिन्यांवर अखंड काँक्रीट न ओतता तेवढी पट्टी उचलता येणाऱ्या ठोकळ्यांची ठेवावी. झाडांच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी सोडावी. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये तसा आदेशच दिला होता, आणि जोगेश्वरीच्या आवारांतील जुने आंबे-फणस त्याची वाट न पाहता वाचवता येतील. काम दिवाळीनंतर घ्यावे आणि सात दिवस पाणी मारल्याची नोंद मुकादमाच्या सहीने ठेवावी. आणि गणपतीच्या मंडपासाठी दरवर्षी पहारीने पाडली जाणारी भोके टळावीत म्हणून वाशांच्या जागा आधीच मोजून तेथे झाकणासह पाइपाचे तुकडे काँक्रीटमध्ये बसवून घ्यावेत. त्यांचा खर्च किरकोळ आहे, आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत ते काम थांबू शकत नाही.