सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी : बाळासाठी हे सुरक्षित आहे का?

लहान मुलाच्या जांघेत गाठ दिसू लागली की आपल्या वस्त्यांतून 'मोठा झाला की बसेल' असे म्हणून दिवस ढकलले जातात. मजुरी बुडेल, दवाखान्यात आठ दिवस अडकून पडू, ही भीती असते. उलट डॉक्टरांनी 'सकाळी आणा, संध्याकाळी घरी न्या' असे सांगितले, तर वेगळीच शंका येते. गरिबाच्या लेकराला लवकर वाटेला तर लावत नाहीत ना?

माता-भगिनींनो, तसे नाही. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्लासगो शहरातील मुलांच्या रुग्णालयात दहा वर्षांत अशा ८,९८८ शस्त्रक्रिया झाल्याचे डॉ. जेम्स निकोल यांनी १९०९ साली जाहीर केले. तान्हे बाळ आईजवळच चांगले सावरते, असे त्यांचे मत होते. मात्र नंतर परिचारिका घरी जाऊन मुलाला पाहत असत. खरी सुरक्षितता या देखरेखीत आहे.

जांघेतील अंतर्गळ आपोआप बरा होत नाही. त्यात आतडे अडकले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि जिवावर बेतते. गाठ कडक होऊन दुखू लागली, बाळाला उलट्या होऊ लागल्या, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. बेंबीचा फुगवटा मात्र बहुधा चार-पाच वर्षांत बसतो. म्हणून कोणती गाठ कोणती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

त्याच दिवशी घरी सोडणे प्रत्येकाला लागू नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास भुलीनंतर थांबू शकतो, त्याला रात्रभर ठेवावे लागते. हृदयाचा आजार, सर्दी, ताप असेल तर आधीच सांगावे. चोपडा, यावल, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी घर असेल आणि रात्री वाहन मिळत नसेल, तर तेही सांगावे. मुक्काम मागण्यात लाज कसली!

भुलीआधी साधारणपणे जेवण व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास, पाणी दोन तास बंद ठेवतात. दयेपोटी दिलेले एक बिस्किटसुद्धा उलटीवाटे फुप्फुसात जाऊ शकते. घरी आल्यावर सतत उलट्या, ताप, रक्तस्राव, लघवी न होणे किंवा जागे न होणारी गुंगी दिसली तर १०८ क्रमांकाला फोन करावा. आशाताईंना आधीच कळवून ठेवावे.

धुळ्याला व जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अंगणवाडी-शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या पथकाला मुलाची गाठ दाखवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कोठे बसते, हे रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्रास विचारावे. कागदावर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे हा आईबापांचा हक्क आहे. तो बजावा, पण गाठ अंगावर काढू नका!