ऊन, काच आणि काढती सावली

वाचकहो, मोटारीच्या खिडकीला सावली लावणे हा विषय क्षुल्लक वाटेल. पण मागच्या बाकावर लहान मूल बसलेले असले आणि वैशाखाचे ऊन त्याच्या तोंडावर येत असले, म्हणजे तो क्षुल्लक राहत नाही.

आपल्या उपनगरांना हा प्रश्न नवा नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपचे सुटे भाग जोडण्यास आरंभ केला आणि पुढे कांदिवलीस कारखाना उभा राहिला. त्या जुन्या जीपला कॅनव्हासचा हूड असे. बाजूचे पडदे हवे तेव्हा लावावेत, नको तेव्हा गुंडाळून ठेवावेत, अशी सोय होती. वारा मोकळा वाहत असल्यामुळे आत उष्णता साठत नसे. मग २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या कुटुंबाच्या झाल्या आणि पडद्यांच्या जागी मोठमोठ्या काचा आल्या. काचेने धूळ व पाऊस अडवला, परंतु ऊन आत घेतले.

आत आलेल्या उन्हाचे काय होते ते पहा. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज पार होतो. तो सीटवर आणि डॅशबोर्डवर पडतो व त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती निराळ्या जातीची, लांब लहरींची असते. तिला काच वाट देत नाही. शिवाय तापलेली हवाही कोंडलेली राहते. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या, प्रत्येकीत एक थर्मामीटर ठेवा, झाकणे लावा आणि दोन्ही उन्हात ठेवा. एकीच्या आतून पांढरा कागद लावा, दुसरीच्या बाहेरून. दर पाच मिनिटांनी पारा वाचून मुलांना फळ्यावर लिहू द्या.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. काचेच्या बाहेरची सावली ऊन दाराशीच अडवते. आतली सावली मात्र आधीच घरात शिरलेल्या पाहुण्याला थोपवू पाहते. ती पांढरी किंवा चंदेरी असेल तर थोडे ऊन परत फेकते. काळी जाळी असेल तर ती स्वतःच तापते. मुलाच्या डोळ्यांना आणि कातडीला तिने आराम मिळतो, पण गाडी थंड होते असे समजू नये.

आता सावली कोणत्या बाजूला हवी? बोरिवलीहून अंधेरीकडे रोज जाणाऱ्याचा विचार करा. पश्चिम द्रुतगती मार्ग बहुतेक उत्तर-दक्षिण आहे. सकाळी दक्षिणेकडे जाताना पूर्वेचे ऊन डावीकडून येते. संध्याकाळी उत्तरेकडे परतताना पश्चिम डावीकडेच असते! म्हणजे डाव्या बाजूला बसणाऱ्या मुलाला दोन्ही वेळा ऊन, आणि उजवीकडचा दोन्ही वेळा सावलीत. मुलुंडहून घाटकोपरला जाणाऱ्याचीही साधारण हीच गोष्ट. जो सकाळी अंधेरीहून बोरिवलीला जातो, त्याचे मात्र नेमके उलट. तेव्हा सगळ्या खिडक्यांसाठी पैसे घालवण्याआधी दोन दिवस आपला रस्ता आणि आपले ऊन नीट पहावे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी ऊन छतावर पडते, बाजूच्या खिडकीला फारसे नाही. बाजूच्या सावलीचे काम सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात असते.

काढत्या सनशेडचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला, दाराच्या चौकटीवर पायमोज्यासारखा चढवायचा. तो काचेच्या बाहेरूनही झाकतो आणि काच खाली केली तरी जागेवर राहतो. मात्र तिसऱ्या ओळीच्या न उघडणाऱ्या काचेला तो चालत नाही. दुसरा लोहचुंबकाचा. दाराच्या कडेला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर चुंबक धरत नाही, म्हणून आधी साधा चुंबक लावून पहावा. तिसरा सक्शनच्या रबरी कपांचा. काच धुऊन कोरडी करावी, कप किंचित ओला करावा आणि मधोमध दाबावा. गाडी बराच वेळ उन्हात राहिली की कप सैल पडतात, म्हणून अधूनमधून तपासावे.

कोणताही प्रकार असो, तो एका हाताने ओढून काढता आला पाहिजे, कारण प्रसंगी त्याच खिडकीतून बाहेर पडावे लागेल. छताच्या कडेला दांडी किंवा आकडे बसवू नयेत. पुष्कळ नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी तेथून पडद्यासारखी एअरबॅग खाली उतरते.

कायद्याचेही ध्यानात असू द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे असे ठरवलेले होते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. सनशेड चिकटवलेली नसते हे खरे. पण तेवढ्यावरून चालत्या गाडीत सगळीकडे पडदे लावण्याची मोकळीक मिळाली असे मानू नये. पुढच्या दोन्ही खिडक्या आणि मागची काच मोकळी ठेवावी. चालकाच्या जागेवर बसून दोन्ही बाजूंचे आरसे दिसतात ना, ते पहावे. रात्री आणि पावसात सनशेड काढून ठेवावी. पोलिसांनी काढा म्हटले तर वाद न घालता काढावी. काढता येते, हाच तर तिचा मोठा गुण!

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सावली लावली आहे, काच बोटभर उघडी आहे, दहा मिनिटांचे काम आहे, असे म्हणून कोणी मुलाला बंद गाडीत ठेवून जाऊ नये. उभ्या गाडीतली हवा तासाभरात बाहेरपेक्षा वीस अंशांपर्यंत चढू शकते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापते. सनशेड उन्हाची तिरीप अडवील, उष्माघात अडवणार नाही. गाडी थांबली की मूल आपल्याबरोबर खाली उतरलेच पाहिजे.