प्रोग्रामरांच्या तीन तऱ्हा

प्रत्येक विद्येत नवशिके, अर्धशिके व मुरलेले असे तीन वर्ग असतात, आणि त्यांजवरील विनोदही त्या विद्येच्या मागोमाग जन्मास येतात. आमच्याच मराठवाड्यातील जांब येथे जन्मलेल्या श्रीसमर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे तर सांगितलीच, परंतु पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला. प्रोग्रामर, म्हणजे संगणकास करावयाच्या कामाच्या आज्ञा क्रमवार लिहून देणारा, हाही या नियमास अपवाद नाही. त्याच्या तीन तऱ्हा आम्ही एकाच उदाहरणाने पाहू.

संगणक हा अत्यंत आज्ञाधारक, पण तितकाच निर्बुद्ध चाकर होय. तो सांगितलेला शब्द पाळतो. मनातील हेतू ओळखीत नाही. आता असे समजा की, नांदूरघाटच्या एखाद्या शाळेचे जनरल रजिस्टर संगणकावर चढवावयाचे आहे. कोणी जन्मतारीख २९ फेब्रुवारी लिहिली, तर ते वर्ष लीप आहे की नाही, हे संगणकाने सांगावे.

ऋतूंचे एक चक्र पूर्ण होण्यास सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात. म्हणून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवितात. परंतु ही भर किंचित अधिक होते. यास्तव पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारणा केली, ती अशी की, शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच ते लीप धरावे. म्हणून २००० हे वर्ष लीप होते, १९०० नव्हते.

नवशिका प्रोग्रामर एकच ओळ लिहितो : चाराने भाग गेला की वर्ष लीप. २०२४ घालून पाहतो, उत्तर बरोबर येते, आणि लगेच पेढे वाटतो. कोणी १९०० घालून चूक दाखविली, तर यंत्रच बिघडले आहे असे सांगतो. नाचता येईना, अंगण वाकडे !

अर्धशिक्यास सोपे काम सोसवत नाही. त्याने ग्रंथ वाचलेले असतात. विचारलेले असते लीप वर्ष. तो शालिवाहन शक, हिजरी सन आणि दहा हजाराव्या वर्षाचीही सोय करून तीनशे ओळी लिहितो. दोन महिन्यांनी त्या त्याच्या त्यालाच लागत नाहीत. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो हाच.

मुरलेला प्रोग्रामर लिहिण्यापूर्वी विचारतो, “गुरुजी, या रजिस्टरात कोणत्या सालापासूनच्या नोंदी आहेत ?” १९०१ ते २०९९ या अवधीत चाराचा नियम कोठेही चुकत नाही, हे तो जाणतो. नोंदी त्याच अवधीतील असल्या, तर तोही एकच ओळ लिहितो. अगदी नवशिक्याने लिहिली तीच! मात्र तिच्याखाली तो टीप ठेवतो : “हा नियम १९०१ ते २०९९ याच वर्षांस लागू.” आणि याबाहेरचे साल आले तर संगणकाने उत्तर न देता थांबावे, अशी आज्ञाही देतो.

हा केवळ थट्टेचा विषय नव्हे. हिशेबाच्या ‘लोटस १-२-३’ या प्रसिद्ध आज्ञावलीत १९०० हे वर्ष लीप धरले गेले. पुढे ‘एक्सेल’ निघाली, तिने जुन्या पत्रकांशी मेळ बसावा म्हणून ती चूक तशीच ठेवली. त्यामुळे २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस तिच्या पंचांगात अद्यापि आहे. ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांची रीत याच्या उलट. आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट बक्षीस द्यावयाचे, असा त्यांनी परिपाठ ठेवला.

तात्पर्य, कारागिराची पायरी ओळींच्या संख्येवरून ठरत नाही. आपले उत्तर कोठपर्यंत खरे आहे, हे त्यास ठाऊक आहे की नाही, यावरून ठरते. आमच्या विद्यार्थिमित्रांस गणिताचे गुरुजी उत्तराचा ताळा पाहावयास सांगतात, तेव्हा ते हीच तिसरी पायरी दाखवीत असतात.